हजार फाइल्स आणि डिस्कची धाव

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आणि उपचार मिळाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून पक्षाघाताच्या रुग्णाबाबत आम्ही डॉक्टर मंडळी मिनिटे मोजायला शिकलो. अशा रुग्णाचा नवा सीटी स्कॅन यंत्राच्या पडद्यावर लगेच दिसतो. अडते ते जुन्यापाशी. तालुक्याच्या गावी काढलेला स्कॅन नातेवाईक पेन ड्राइव्हवर किंवा डिस्कवर घेऊन येतात, तो आमच्या संगणकावर उतरवायचा असतो आणि पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत असते. ही पट्टी एवढी का रेंगाळते?

सीटीच्या एका चित्रात आडवे ५१२ आणि उभे ५१२ बिंदू असतात, प्रत्येक बिंदूला दोन बाइट. म्हणजे एक चित्र साधारण अर्ध्या एमबीचे. छाती-पोटाच्या तपासणीत पातळ कापांची अशी हजार चित्रे सहज होतात. झाले ५०० एमबी. आकडा काही फार मोठा नाही, मोबाइलवर उतरवलेला सिनेमा याहून जास्त जागा खातो. पण सिनेमा ही एक फाइल असते आणि सीटी म्हणजे हजार फाइल्स. सगळी गोम इथे आहे.

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते (लॅपटॉपमध्ये बहुधा ५४००). तिच्यावर काही नॅनोमीटर अंतर राखून एक चिमुकले हेड तरंगत असते. आपल्या रक्तातील तांबड्या पेशीचा व्यास सुमारे ७००० नॅनोमीटर असतो, यावरून ते अंतर किती नाजूक आहे याची कल्पना यावी. चालू डिस्क हातातून पडली की ती का दगावते, हेही त्यातच आले. एखादी फाइल हवी असेल तर हेडला योग्य वर्तुळापाशी जावे लागते. त्याला आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. मग हवा तो भाग फिरत खाली येईपर्यंत थांबायचे. सरासरी अर्धा फेरा, म्हणजे आणखी चार मिलिसेकंद. एकदा जागा सापडली की मात्र गडी झपाट्याने वाचतो, सेकंदाला दीडशे एमबीच्या आसपास.

एसएसडीत फिरणारे काहीच नसते. माहिती चिपमधील सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते आणि कोणताही कप्पा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात, कधी त्याहूनही लवकर हाती येतो. साध्या साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला ५०० ते ५५० एमबी वाचते. नव्या एनव्हीएमई प्रकारात हा आकडा काही हजारांत जातो.

आता हिशेब करू. ५०० एमबीची एकच फाइल वाचायला हार्ड डिस्कला साडेतीन सेकंद लागतील, साटा एसएसडीला एक. फरक तीन-चार पटींचा; एवढ्यासाठी कोणी खिशात हात घालणार नाही. पण तेवढीच माहिती हजार विखुरलेल्या फाइल्समध्ये असेल, तर हार्ड डिस्कच्या प्रत्येक शोधाचे बारा-तेरा मिलिसेकंद वाढतात आणि एकूण वेळ सोळा सेकंदांवर जातो. एसएसडीला जेमतेम सव्वा सेकंद पुरतो. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात फाइल्सच्या नोंदी होतात, अँटिव्हायरस प्रत्येक फाइल हुंगतो, त्यामुळे दोघांचाही वेळ वाढतो. खोक्यावर छापलेला वेग असतो तो एका सलग मोठ्या फाइलचा. रुग्णालयातच काय, घरातल्या फोटोंच्या फोल्डरलाही तो लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट आम्हा वैद्यकीय लोकांना पटकन कळायला हवी, पण कळत नाही. रक्तवाहिनी एके ठिकाणी अरुंद झाली की पुढचा प्रवाह तिथेच ठरतो. फाइल्सचेही तसेच. यूएसबी २.० च्या जुन्या खाचेतून प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० एमबीच जातात. तिथे उत्तमातली उत्तम एसएसडी लावा, ती धापा टाकत उभी राहणार. जाळ्यातला जुना स्विच १०० मेगाबिटचा असेल तर त्यातून सेकंदाला जेमतेम १२ एमबी निघतात, कारण आठ बिट मिळून एक बाइट होते. मग आपले ५०० एमबी चाळीस सेकंद खातात, डिस्क कोणतीही असो. संगणक खरेदीच्या कागदपत्रांत ‘१ टीबी’ ही क्षमता ठळक लिहिलेली असते. डिस्कचा प्रकार आणि जाळ्याचा वेग शोधूनही सापडत नाही. एका ठिकाणी नवे संगणक आले तेव्हा हा प्रकार मी जवळून पाहिला आहे. जुन्या संगणकात साधी एसएसडी बसवून आणि स्विच बदलून जो फरक पडतो, तो कित्येकदा नव्या संगणकानेही पडत नाही.

घरी पडताळायचे असेल तर एक मोठा व्हिडिओ आणि तेवढ्याच आकाराचे फोटोंचे फोल्डर घड्याळ लावून कॉपी करून पाहा. एसएसडी निम्म्या कामात अचानक मंदावली तर घाबरू नका. स्वस्त एसएसडीत सुरुवातीचा थोडा भाग वेगवान असतो. तो भरला की तिचा खरा वेग उघडा पडतो. डिस्क काठोकाठ भरलेली असली तरीही तसेच होते.

म्हणून तबकडीवाली डिस्क भंगारात काढायची का? मुळीच नाही. जुने अभिलेख साठवायला एका टीबीमागे ती आजही स्वस्त पडते. मरण्याआधी ती बऱ्याचदा कण्हते, टकटक आवाज करते, मंदावते; एसएसडी पुष्कळदा काही न सांगता जाते. शिवाय वापरून झिजलेली एसएसडी विजेविना उकाड्यात पडून राहिली, तर तिच्या कप्प्यांतला भार हळूहळू ओसरतो. त्यामुळे रोजच्या कामाच्या संगणकात एसएसडी आणि साठवणुकीला हार्ड डिस्क, अशी वाटणी मला पटते. आणि साठवणुकीच्या डिस्क दोन, वेगवेगळ्या खोल्यांत.