ब्रेक पॅड : रस्त्याचे आणि शर्यतीचे

कथा, कविता आणि प्रवासवर्णनांच्या पंगतीत हा लोखंडी विषय पाहून आमचे प्राध्यापक हसतील, याची मला कल्पना आहे. पण आपण पाटोद्याची माणसे बालाघाटाच्या डोंगरात राहतो. सौताड्याचा घाट उतरताना पुढच्या ट्रकच्या चाकांतून येणारा करपट वास आपल्यापैकी कोणी घेतला नाही? त्या वासाचा अर्थ समजून घ्यायला विज्ञान शाखेचाच विद्यार्थी असावे लागते, असे मुळीच नाही.

मला हा विषय सुचला तो घरातल्या एका प्रसंगावरून. माझे मामा जीप चालवतात. गेल्या पावसाळ्यात मामेभावाने जुनी मोटार घेतली आणि शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसले ब्रेक पॅड हौसेने बसवून आणले. त्याचे म्हणणे असे, की दीडशेच्या वेगातली गाडी जे पॅड थांबवतात, त्यांना आपली साठाची गाडी म्हणजे किस झाड की पत्ती! दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाड्याबाहेर पडला, तोच वळणावर शेळ्यांचा कळप आणि मागे राखणारा पोरगा. दादाने पेडल दाबले. पाय दगडावर ठेवल्यासारखा घट्ट राहिला, पण गाडी पुढेच! शेवटी त्याने ती बांधावर घातली म्हणून निभावले. पॅड नवे होते, महाग होते, नीट बसवलेलेही होते. मग गाडी थांबली का नाही?

याचे उत्तर उष्णतेत आहे. ब्रेक वेग नाहीसा करत नाही, त्याची उष्णता करतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात आणि घर्षणाने गाडीची सारी गती तापमानात उतरते. १००० किलोची मोटार ताशी ७२ किलोमीटर वेगावरून थांबवली, तर सुमारे २ लाख ज्यूल उष्णता निर्माण होते. तेवढ्यात अर्ध्या लिटरहून अधिक थंड पाणी उकळीला येईल. वेग दुप्पट झाला, की ही उष्णता चौपट होते.

पॅड म्हणजे तंतू, धातूचा कीस आणि इतर भुकट्या राळेत घट्ट दाबून केलेली वडी. प्रत्येक मिश्रणाची ठरावीक तापमानातच चांगली पकड असते. रस्त्याचा पॅड थंड असतानाही पकडतो. मात्र तीनशे-साडेतीनशे अंशांच्या पुढे त्यातली राळ जळू लागते, वायू सुटतो आणि पकड ढिली पडते. यालाच ब्रेक फेड म्हणतात. घाटातला तो करपट वास याचीच सूचना असते. शर्यतीच्या पॅडचे याच्या उलट. चेन्नईजवळच्या किंवा ग्रेटर नोएडाच्या शर्यतमार्गावर दर फेरीला अनेकदा कडक ब्रेक लागतो, डिस्क पाचशे अंशांच्या वर जाते आणि तो पॅड तिथेच खुलतो. पण शंभर-दोनशे अंश तापल्याखेरीज त्याची पकड कमीच असते. शिवाय तो किंचाळतो आणि डिस्कही लवकर खातो. दादाचा पॅड वाईट नव्हता. तो थंड होता, इतकेच.

गंमत अशी, की या वस्तूचा जन्मही उताराच्या रस्त्यांवरच झाला. इंग्लंडातील डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ साली ब्रेकच्या लायनरचा धंदा सुरू केला. तिथले गाडीवान उतारावर ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याला जुन्या जोड्यांचे चामडे लावत, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. डिस्क ब्रेकची महती मात्र शर्यतीने पटवली. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली.

आता निवड कशी करावी? बऱ्याच पॅडांच्या कडेला किंवा पाठीवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर साध्या तापमानातली पकड सांगते, दुसरे तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दोन्ही अक्षरे एफ असलेला पॅड थंडीत आणि उष्णतेत सारखाच वागतो; रोजच्या वापराला तो उत्तम. ज्यांना शर्यतमार्गावर जायची हौस आहे, त्यांनी तिथे पॅड बदलावेत आणि परतताना पुन्हा रस्त्याचे बसवावेत. दोन्हीकडे सर्वोत्तम चालेल असा पॅड नसतो. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून अनेकदा हलके ब्रेक लावून ते डिस्कवर बसू द्यावेत.

कोणी विचारील, मग आपल्या घाटाचे काय? १००० किलोची गाडी १०० मीटर खाली उतरली, की सुमारे १० लाख ज्यूल उष्णता होते. ती सारी ब्रेकवर टाकली, तर ताशी ७२ च्या वेगावरून पाच वेळा थांबल्यासारखे होते. शिवाय ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. डॉट-३ प्रकारचे नवे ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरला, की ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. ऑइल उकळले, की पेडल पोकळ होऊन खाली जाते आणि मग कोणताच पॅड उपयोगी पडत नाही. म्हणून गाडीबरोबरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत ऑइल बदलावे. सहसा ती दोन वर्षांची असते.

बाकीचे काम इंजिनाचे. मामांनी दादाला रागे न भरता एवढेच सांगितले, "ज्या गिअरमध्ये घाट चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. आणि न्यूट्रलमध्ये कधी घालू नकोस." खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेक गरजेच्या क्षणासाठी थंड राहतो.

दादाने ते पॅड काढून साधे बसवले. आता त्याच वळणावर शेळ्या आल्या, की गाडी निमूट थांबते आणि तो पोरगा हात हलवून पुढे जातो.