नाक्यावरचा कादंबरीकार

प्रभाकर पाध्ये म्हटलं की जुन्या वाचकांना समीक्षक पाध्ये आठवतात. दुसरे प्रभाकर नारायण पाध्ये दादरचे, जन्म २९ नोव्हेंबर १९२६. ते लिहीत राहिले भाऊ पाध्ये या नावाने.

अर्थशास्त्राची पदवी घेऊन भाऊ कामगार चळवळीत शिरले. मग शिक्षकी, गिरणीतली नोकरी, विमा कंपनी असं करत पत्रकारितेत आले. ‘नवशक्ति’त बरीच वर्षं काढली. या भटकंतीचा लेखनाला फायदाच झाला. ‘डोंबाऱ्याचा खेळ’ (१९६०) ही पहिली कादंबरी युनियनच्या जगातली. तिथल्या कार्यकर्त्यांना देव्हाऱ्यात बसवायची भाऊंना गरज वाटली नाही, कारण त्यांनी ते जवळून पाहिले होते.

खरा गदारोळ झाला ‘वासूनाका’वर (१९६५). चाळीतला पोक्या आपल्या नाक्यावरच्या पोरांच्या हकिकती सांगतो. कामधंदा नाही, घरात जागा नाही, डोक्यात सतत पोरी. तो हे सगळं आपल्याच बोलीत, मालमसाला न लावता सांगतो. ना पश्चात्ताप, ना सबबी. लेखकही मध्ये पडून कुणाचे कान उपटत नाही. अश्लीलतेचा ओरडा झाला, आचार्य अत्र्यांनीही कडाडून टीका केली. पण शिव्यांपेक्षा लोकांना जास्त झोंबलं असावं ते लेखकाचं गप्प राहणं. अशा पोरांवर निवाडा ऐकायची वाचकाला सवय होती आणि भाऊंनी तो दिलाच नाही.

पुढे ‘बॅरिस्टर अनिरुद्ध धोपेश्वरकर’मध्ये ते उच्चभ्रू घरात गेले, तर ‘राडा’त (१९७५) शिवसेनेच्या सुरुवातीच्या काळातल्या तरुणाकडे वळले. वस्ती बदलली, नजर तीच. मोठे मानसन्मान त्यांच्या वाट्याला फारसे आले नाहीत. दिलीप चित्र्यांनी मात्र त्यांच्या निवडक कथांचं संपादन केलं. ३० ऑक्टोबर १९९६ रोजी भाऊ गेले.

१९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या मोडीत निघाल्या आणि परळ-लालबागमध्ये टॉवर उभे राहिले. त्या जुन्या मुंबईसाठी गळा काढणारं लेखन पुष्कळ झालं. भाऊंच्या पुस्तकांत तो उमाळा शोधू नये. चाळीत माणुसकी होती तशी घुसमट आणि लबाडीही होती, याची त्यांच्याकडे चोख नोंद आहे. आज कुणी नव्याने वाचणार असेल तर त्याने ‘वैतागवाडी’ आधी उचलावी. मुंबईत स्वतःची जागा मिळवण्यासाठी एका मध्यमवर्गीयाने केलेली वणवण तिच्यात आहे. कर्जाचे हप्ते मोजत विरार-बदलापूरकडे सरकलेल्या वाचकाला तिच्यासाठी प्रस्तावनेची गरज पडणार नाही.