डिझेलच्या वाटेवरचा तपास

गेल्या तीस वर्षांत नारायणगाव-नाशिककडील बाजारांत भाजीपाला वाहणाऱ्या डिझेल पिकअपांची यंत्ररचना पार पालटली. तथापि चढावर दम तोडणाऱ्या अथवा सकाळी सुरूच न होणाऱ्या जुन्या गाडीचा तपास टाकीपासून नोझलपर्यंत क्रमानेच करावा, हा परिपाठ आजही तितकाच प्रमाण आहे, आणि तो जेथे सुटला तेथे मालकाला नाहक भुर्दंड बसला, असे माझे स्पष्ट मत आहे.

यांत्रिक पंपाच्या अमदानीत पुष्कळशा तक्रारींचे मूळ हवेत असे. टाकी आणि फीड पंप यांच्या दरम्यान डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते. त्यामुळे तेथील रबरी पाइपला बारीक चीर गेली, किंवा बॅन्जो बोल्टखालचा तांब्याचा वॉशर झिजला, तरी चालत्या गाडीत थेंबही बाहेर न येता उलट हवाच आत शिरते, आणि वरून कोरडा, निर्दोष दिसणारा सांधाच अपराधी निघतो. जाणता मिस्त्री तेथे पारदर्शक नळीचा तुकडा जोडून बुडबुडे निरखी. दोष सापडून दुरुस्त झाला, की फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, फेस सरून डिझेलची अखंड धार लागेपर्यंत हातपंप मारीत राही. एखादा सिलिंडर काम करीत नसल्याचा संशय आल्यास चालू इंजिनावर नोझलच्या पाइपांचे नट तो एकेक करून किंचित ढिले करी, आणि ज्या नटाने आवाजात तिळमात्र फरक पडत नसे, तेथे बोट ठेवी. कानाच्या त्या शिक्षणाविषयी मला आजही नितांत आदर वाटतो.

2017 साली बीएस-4 आणि 2020 साली बीएस-6 ही उत्सर्जन-मानके देशभर लागू होईपर्यंत कॉमन रेलचा, म्हणजे सर्व नोझलांना एकाच दाबनळीतून डिझेल पुरवणाऱ्या प्रणालीचा, अंमल पुरता बसला होता. हजार बारच्याही वर जाणाऱ्या तिच्या दाबापुढे नट ढिला करण्याची रीत जिवावर बेतणारी ठरली, कारण ती सूक्ष्म धार कातडी भेदून आत जाते. त्याऐवजी नोझलांच्या परतीच्या नळ्यांना बाटल्या लावतात. इतरांहून लवकर भरणारी बाटली झिजलेले नोझल दाखवते. परंतु स्कॅनरवर रेलचा दाब कमी दिसताच महागडा पंप उतरवण्याची जी घाई होते, ती मला अक्षम्य वाटते, कारण चोंदलेला फिल्टर किंवा टाकीतली गाळाने भरलेली जाळीही तीच नोंद उमटवते. इतकेच नव्हे, तर टाकीच्या झाकणाचे हवाछिद्र धुळीने बुजले असल्यास नुसते झाकण सैल करताच गाडी पूर्ववत ओढू लागते.