चांदबीबीची मशीद, मुंबईचा घुमट आणि उपनगरातलं जुनं पोस्ट

विजापुरात बुखारी मशीद आहे. आपल्या नगरची लेक चांदबीबी अली आदिलशहाशी लग्न होऊन तिकडे गेली आणि तिनेच बुखारी घराण्यातल्या एका मौलवींसाठी ही मशीद बांधून घेतली, असं सांगतात. इंग्रजी अमलात याच मशिदीत पोस्ट ऑफिस होतं. जिथे नमाजाच्या सफा लागायच्या, तिथे टपालाच्या थैल्या उघडल्या जायच्या.

हे एकट्या विजापुरातच घडलं असं नाही. नव्या सरकारला कचेऱ्यांसाठी जाड भिंतींच्या, आयत्या इमारती हव्या होत्या. नगरमध्येही निजामशाही काळातल्या काही इमारतींत सरकारी कामकाज सुरू झालं. 1900 साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत भाषण करताना अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीतली कचेरी आणि विजापूरच्या एका मशिदीतला डाक बंगला यांचा उल्लेख केला आणि त्या वास्तू मोकळ्या व्हायला हव्यात असं सांगितलं. 1904 मध्ये प्राचीन स्मारकांचा कायदा झाला. बुखारी मशिदीतलं पोस्टही हललं. ते योग्यच झालं, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. इबादतीची जागा इबादतीसाठीच.

पण मग पोस्टासाठीच बांधलेल्या इमारतीचं काय? तिला वारसा म्हणायचं का?

मुंबईच्या जीपीओबद्दल कुणी हा प्रश्न विचारत नाही. जॉन बेग यांचा आराखडा, 1913 मध्ये पूर्ण झालेलं काम, आणि वरचा घुमट थेट विजापूरच्या गोल गुंबजावरून घेतलेला. गंमत बघा, विजापुरात पोस्ट मशिदीत शिरलं आणि मुंबईत विजापूरचा घुमट पोस्टाच्या डोक्यावर बसला! मुहम्मद आदिलशहाच्या मकबऱ्याचा नमुना रोज हजारो लोक सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडताना पाहतात.

उपनगरातल्या, छावणीतल्या पोस्टाला घुमट नसतो. कौलारू छप्पर, लाकडी काउंटर, गजांची खिडकी, बाहेर लाल पेटी, एवढंच. त्याची किंमत दगडात नाही, तिथे काय घडलं त्यात आहे. मुंबईला कामाला गेलेल्या बापाची मनीऑर्डर, सौदी-कुवेतहून आलेलं निळं एअरमेल, निकाहाची पत्रिका, मयतीची तार. अंगठा उठवून पैसे घेणाऱ्या आपल्या दादी-नानीला सरकार म्हणजे पोस्टमनच माहीत होता.

भिंगारलगतच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट 1942 मध्ये मौलाना आझाद कैद होते. तिथे त्यांनी आपले दोस्त हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रांमागून पत्रं लिहिली. ती टाकण्याची परवानगीच नव्हती. त्याच कैदेत असताना 1943 मध्ये त्यांच्या बेगम झुलैखा यांचा इंतकाल झाला. 1946 मध्ये ती पत्रं ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपात आली. पोस्टात पडू न शकलेली पत्रं उर्दूचा ठेवा ठरली. मग जी पोचली, त्यांच्या इमारतीला काहीच मोल नाही का?

कायद्याचं थोडक्यात सांगतो. 1958 च्या केंद्रीय कायद्यात स्मारकासाठी किमान 100 वर्षांची अट आहे, आणि साध्या पोस्टाला ते संरक्षण मिळणं अवघडच. दुसरी वाट शहर नियोजनाच्या नियमांतली. त्यात स्थानिक वारसा यादी करता येते आणि इमारतींना तीन श्रेणी देता येतात. मुंबईत 1995 पासून ही पद्धत आहे. तिथे केवळ शिल्पकला नाही, सामाजिक इतिहासही धरला जातो. अडचण मालकीची येते. कित्येक पोस्टं भाड्याच्या जागेत असतात. पाटी उतरली की जागा मालकाच्या ताब्यात जाते, आणि त्याला नवं बांधायचं असतं. त्यातही त्याची चूक म्हणता येत नाही. भिंगारसारख्या कॅन्टोन्मेंट हद्दीत तर दुरुस्तीलाही बोर्डाची परवानगी लागते. म्हणून पाटी उतरण्याआधी बोलायला हवं. नंतर फक्त हळहळ उरते.

बोलायचं तर पुरावा हवा, आणि तो सरकारी दफ्तरापेक्षा आपल्या घरात जास्त सापडेल. जुन्या कार्डावरच्या शिक्क्यात पोस्टाचं नाव आणि तारीख दोन्ही असतात. त्या शिक्क्यांवर ‘अहमदनगर’ हे नावही आहे. जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, पण कागदावरची शाई तशीच आहे. रजिस्टर पोस्टही 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, त्यामुळे घरातल्या जुन्या रजिस्टरच्या पावत्याही जपण्यासारख्या. पेटीतली पत्रं रद्दीत घालण्याआधी शिक्क्याची बाजू वर करून मोबाईलवर फोटो घ्या, आणि ते पत्र कुणी, कुणाला, कुठून पाठवलं ते घरातल्या बुजुर्गांना विचारून त्याच दिवशी लिहून ठेवा.