स्नायूंच्या झिजेचा मूत्रातील दाखला

शरीरातील प्रथिने अहोरात्र मोडत असतात आणि अहोरात्र नव्याने घडत असतात. परंतु मोडीतून निघालेली अमिनो आम्ले पुन्हा नव्या घडणीस लागत असल्यामुळे, दीर्घ ज्वराने खंगलेल्या मनुष्याचे स्नायू नेमके किती झिजले याचा हिशेब त्यांवरून मांडणे दुरापास्तच. ही अडचण दूर केली ती ३-मिथाइलहिस्टिडिन या परिवर्तित अमिनो आम्लाने. स्नायूंतील ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांची साखळी गुंफून झाल्यावर तीतील काही हिस्टिडिनांवर मिथाइल गट चढविला जातो; पुढे प्रथिन मोडले म्हणजे हा घटक सुटा होतो खरा, परंतु त्याला नव्या साखळीत नेऊन बसविणारा आरएनए रेणूच पेशीत नसल्यामुळे, बाद झालेले नाणे सरकारी खजिन्यात जमा होऊ नये तसा तो नाकारला जातो आणि मूत्रावाटे बाहेर पडतो. मेंढीत मात्र हे गणित फसते, कारण तिच्या स्नायूंत तो दुसऱ्या एका संयुगाच्या रूपाने मुक्काम ठोकून राहतो.

हे अल्प द्रव्य मूत्रातील शेकडो पदार्थांतून वेगळे काढण्याचे एक साधन म्हणजे वायु-वर्णलेखन (गॅस क्रोमॅटोग्राफी); त्यात पदार्थाचे आधी बाष्प व्हावे लागते. आर्चर मार्टिन व ए. टी. जेम्स यांनी १९५२ साली ही रीत प्रसिद्ध केली, ती सहज बाष्प होणाऱ्या मेदाम्लांवर. अमिनो आम्लाची गोष्ट निराळी, कारण त्याच्या एकाच रेणूवर धन आणि ऋण असे दोन्ही भार असल्यामुळे ते तापविले असता बाष्प होण्याऐवजी विघटन पावते. यास्तव त्याची दोन्ही टोके आधी झाकावी लागतात. अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाचे चार्ल्स गेर्की यांनी आम्ल-टोकास ब्युटाइल एस्टरचे व अमिनो-टोकास ट्रायफ्लुओरोॲसिटिलचे आवरण देण्याची पद्धती १९६० नंतरच्या दशकात सिद्ध केली, आणि पुढे चंद्रावरून आणलेल्या मातीत अमिनो आम्ले शोधण्याचे कामही त्यांच्याकडे आले. या पद्धतीत पाण्याचा अंशही खपत नाही, आणि मूत्र तर बहुतांशी पाणीच! प्राग येथील पेत्र हुशेक यांनी १९९१ साली क्लोरोफॉर्मेट वापरून दोन्ही टोकांवर आवरणे पाण्यातच, तीही काही क्षणांत, चढविता येतात असे दाखविले, तेव्हा कित्येक तासांची ती सुकवणी वाचली.

या साऱ्या खटाटोपात थोडे द्रव्य वाया जातेच; म्हणून नमुना घेतानाच ज्ञात मात्रेचे एक परके अमिनो आम्ल त्यात मिसळतात, म्हणजे वाटेत जेवढे त्याचे सांडेल तेवढेच इतरांचे सांडले असे धरून शेवटी रुजुवात घालता येते.

तपासणीपूर्वी तीन दिवस मांस व मासे वर्ज्य करावे लागतात, कारण खाल्लेल्या स्नायूतील हे द्रव्यही मूत्रातच उतरते. आपल्याकडील शाकाहारी मंडळींना या अटीचा जाच नाही. त्यानंतर चोवीस तासांचे मूत्र जमवून त्यातील ३-मिथाइलहिस्टिडिनचे, स्नायूंतूनच निघणाऱ्या क्रिएटिनिन या द्रव्याशी प्रमाण काढतात. तरीही एक वाद शिल्लकच आहे: आतड्यांच्या भित्तीत व त्वचेतही ॲक्टिन असते, आणि आतड्यांतील प्रथिनांची मोड शीघ्र चालते, तेव्हा मूत्रातील सगळा आकडा एकट्या हातापायांच्या स्नायूंच्या नावे मांडण्यास पुष्कळ संशोधक राजी नाहीत.