हात बसेपर्यंत : दंतवैद्यकाचे शिक्षण आणि नरसी नामदेव परिसर

दंतवैद्यक ही वैद्यकाची शाखा असली तरी तिचा निम्मा जीव कारागिरीत आहे. कीड दाढेत कुठवर उतरली हे शास्त्राने ओळखता येते, पण ती कोरून काढताना निरोगी भाग वाचवायचा तर हात बसलेला असावा लागतो. हिंगोली तालुक्यातील कयाधूकाठचे नरसी हे ज्या संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, त्यांच्या घराण्याचा व्यवसाय शिंप्याचा होता, आणि आधी माप, मग कात्री हा शिंपीकामाचा पहिला धडा दंतवैद्यालाही तितकाच लागू पडतो. मात्र या परिसरातील विद्यार्थ्याच्या वाटेवर हाताची कसोटी उशिरा येते. पहिली येते ती स्मरणशक्तीची आणि वेगाची.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन ‘नीट’ ही ७२० गुणांची देशव्यापी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि तिच्या तयारीसाठी हिंगोलीकडील अनेक मुले नांदेड किंवा लातूरच्या शिकवणीवर्गांचा रस्ता धरतात. ही परीक्षा मराठीतून देता येते, पण पुढची क्रमिक पुस्तके इंग्रजीत असल्याने पहिल्या वर्षी शास्त्राबरोबर भाषाही शिकावी लागते. पूर्वी राज्यात ७०:३० हे सूत्र होते, म्हणजे महाविद्यालयातील ७० टक्के जागा त्याच विभागातील विद्यार्थ्यांसाठी राखीव असत. मराठवाड्यात महाविद्यालये कमी असल्याने येथील मुलांची संधी आक्रसते, ही तक्रार बराच काळ होती, आणि २०२० साली ते सूत्र रद्द झाले. मराठवाड्यातील शासकीय दंत महाविद्यालय १९८२ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू झाले. नांदेड, परभणी, लातूर येथील महाविद्यालये खासगी असून तेथे शुल्काचा भार बराच अधिक पडतो.

बीडीएस ही पदवी चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे देखरेखीखालील प्रत्यक्ष सेवा, मिळून पूर्ण होते. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन यांच्या जोडीने विद्यार्थी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरतो, कारण प्रत्येक दाताचे उंचवटे आणि खोबणी बोटांना पाठ झाल्याशिवाय तुटलेल्या दाताला मूळचा आकार देता येत नाही. दुसऱ्या वर्षी ‘फँटम हेड’वर, म्हणजे कृत्रिम जबडा बसवलेल्या पुतळ्यावर, दात कोरण्याचा आणि भरण्याचा सराव होतो, तर कवळीचे टप्पे प्लास्टरच्या साच्यावर आणि मेणात गिरवले जातात. त्यानंतरच तिसऱ्या वर्षापासून खऱ्या रुग्णाच्या तोंडात हत्यार जाते. ठरावीक संख्येने दात काढणे, भरणे आणि कवळ्या बसवणे पूर्ण केल्याची नोंद वहीत व्हावी लागते.

पदवीनंतर राज्य दंत परिषदेकडे नोंदणी झाल्याखेरीज व्यवसाय करता येत नाही. ही चौकट १९४८च्या दंतवैद्य अधिनियमाने घातली. २०२३च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात पदवीअखेरच्या सामाईक परीक्षेचीही तरतूद आहे. वाकडे दात सरळ करणे, हिरड्यांचे आजार किंवा जबड्याची शस्त्रक्रिया यांत प्रावीण्य मिळवण्यासाठी आणखी एक प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांचे एमडीएस करावे लागते.

हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तरी दंतवैद्यकाच्या पदवीसाठी जिल्हा सोडावाच लागतो, आणि शिकून परतणे त्याहून अवघड ठरते. कारण खुर्ची, हवेचा पंप, क्ष-किरण यंत्र आणि निर्जंतुकीकरणाची साधने यांत भांडवल गुंतते, तर खेड्यातील रुग्ण बहुधा दाढ ठणकल्यावरच येतो. वास्तविक तंबाखू-गुटख्याने तोंड उघडेनासे होण्याचा आजार आणि मुखकर्करोग यांची पहिली खूण दंतवैद्याच्याच नजरेस पडू शकते. शिक्षण हात घडवते. तो हात गावापर्यंत पोहोचवायचा, तर ग्रामीण रुग्णालयात त्याला खुर्ची आणि पद देणे हा शिक्षणावरच्या खर्चाचाच उरलेला भाग होय.