सायकलीनं लांब जायचं म्हणजे हायवेच धरायचा?

नवी सायकल घेतलेला माणूस पहिल्या महिन्याभरात एक प्रश्न विचारतोच: “रविवारी लांब जायचंय, कुठून जाऊ?” आणि त्याला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: “सरळ हायवे धर. रुंद आहे, गुळगुळीत आहे, चुकायची भीती नाही.” पुण्यात हा हायवे साताऱ्याचा असतो, मुंबईत नाशिकचा किंवा गुजरातचा, नागपुरात वर्ध्याचा किंवा अमरावतीचा. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण सल्ला चुकीचा आहे आणि धोक्याचाही आहे. कानाशी हॉर्न, अंगावर येणारे ट्रक आणि तोंडावर डिझेलचा धूर एवढंच वाट्याला आलेला माणूस दोन-तीन रविवारांत सायकल भिंतीला टेकवून ठेवतो. म्हणून हा गैरसमज नीट उलगडायला हवा.

गैरसमज: शहराबाहेर लांब जायचं तर हायवेला पर्याय नाही

आतले रस्ते कुठेतरी जाऊन संपतात, नाहीतर खड्ड्यांनी भरलेले असतात, असं या सल्ल्यामागचं गृहीतक असतं. ते तपासून पाहू.

आपल्याकडे रस्त्यांची उतरंड १९४३च्या नागपूर आराखड्यापासून चालत आली आहे: राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार देशात सुमारे ६३ लाख किलोमीटर रस्ते आहेत. त्यांत राष्ट्रीय महामार्ग दोन टक्क्यांच्या आसपास आहेत आणि ग्रामीण रस्ते ७० टक्क्यांहून जास्त. हायवेला पर्याय नाही असं म्हणणारा माणूस देशातल्या बहुतेक रस्त्यांकडे बघतच नाही.

बरं, हे रस्ते म्हणजे पायवाटा नव्हेत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगरी, आदिवासी भागात २५० लोकवस्तीच्या ठिकाणांपर्यंत बारमाही रस्ता न्यायचा, हे तिचं उद्दिष्ट. २०१५ पासून तिच्या जोडीला राज्याची मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आली. पूर्वी जिथे मुरूम आणि फुफाटा होता, तिथल्या कितीतरी वाड्यांपर्यंत आज डांबर किंवा सिमेंट पोचलं आहे. केंद्राच्या योजनेतल्या रस्त्याची रुंदी साधारणपणे पावणेचार मीटर, आणि वाहनं फारच कमी असतील तिथे तीन मीटर. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एकीला साइडपट्टीवर उतरावं लागतं, त्यामुळे तिथे गाडी दामटता येत नाही. मोटारवाल्याची हीच अडचण सायकलवाल्याच्या फायद्याची आहे.

पुण्याचंच उदाहरण घ्या. सिंहगड रस्त्यानं खडकवासला, तिथून धरणाचं पाणी उजव्या हाताला ठेवत खानापूर. खानापुरातून डावीकडे रांजणे, मग पाबे घाट चढून पलीकडे वेल्ह्यात उतार, समोर तोरणा. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात. वेल्ह्यातून विंझर, मार्गासनी, आंबवणे करत नसरापूर. तिथे सातारा महामार्ग गाठायचा, त्यावरून मोजके किलोमीटर जाऊन कापूरहोळला पुन्हा डावीकडे आत शिरायचं. पुरंदरच्या पायथ्याचं नारायणपूर, मग सासवड, आणि बोपदेव घाटातून कोंढव्यात परत. असा हा साधारण दीडशे किलोमीटरचा फेरा. त्यात महामार्ग कापूरहोळपर्यंतचा तेवढाच लागतो. ज्याला एवढं झेपत नाही त्यानं पाबे खिंडीतून माघारी फिरावं, तोही दिवस कारणी लागतो. शहरातले पहिले पंधरा-वीस किलोमीटर मात्र कुणालाच चुकत नाहीत. ते उजाडता उजाडता पार करायचे आणि पावसाळ्यातल्या रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर गर्दी जमायच्या आत पुढे निघायचं.

मुंबईकरांपुढे अडचण मोठी आहे हे खरं. तीन बाजूंनी पाणी, पुण्याला जाणारा द्रुतगती महामार्ग सायकलला बंद, अटल सेतू दुचाकींना बंद. पण पाणी हाच तिथला रस्ता आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० पासून चालू आहे आणि ती सायकल घेते. मांडव्याला उतरलं की अलिबाग, रेवदंडा, मुरूड अशी किनारपट्टी समोर असते, आणि ठाणे-भिवंडीचा ट्रकांचा गराडा पूर्ण टळतो.

“पण हायवे सुरक्षित असतो ना, कडेला रुंद जागा असते!”

हे वाक्य इतक्या आत्मविश्वासानं म्हटलं जातं की समोरच्याला आकडे विचारायचंही सुचत नाही. ते विचारायला हवेत. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२च्या अपघात अहवालानुसार त्या वर्षी देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर मेली. राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग मिळून रस्त्यांच्या एकूण लांबीच्या सुमारे पाच टक्केच भरतात, पण या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून जास्त त्यांच्यावर झाले. महामार्गांवर वाहनंही पुष्कळ जास्त असतात, त्यामुळे या आकड्यांवरून दर वाहनामागचा धोका काढता येणार नाही. पण सायकलवाल्याला तो हिशेब हवाच कशाला? त्याच्या दृष्टीनं दोनच गोष्टी मोजायच्या: तासाभरात किती गाड्या आपल्याला ओलांडून जातात, आणि किती वेगानं.

वेगाचं महत्त्व त्याच अहवालात दिसतं. २०२२ मधल्या मृत्यूंपैकी ७१ टक्के मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोटारीची समोरून धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ताशी ५० वरून ६५ किलोमीटरवर जाताना साडेचारपट होतो. सायकलस्वाराच्या अंगाभोवतीही पत्रा नसतो. २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेनं चौपदरी रस्त्यावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची कमाल मर्यादा दिली आहे. पाबे घाटाच्या वळणांवर एवढा वेग कुणाला गाठताच येत नाही.

आणि ती कडेची रुंद जागा? तिथे बंद पडलेले ट्रक उभे असतात, उलट्या दिशेनं दुचाकी येतात, ढाब्यावर वळणाऱ्या गाड्या आडव्या घुसतात, फुटलेल्या टायरच्या तारा आणि काचा पडलेल्या असतात. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. नवख्या सायकलवाल्याला “साताऱ्याच्या रस्त्यानं जा” म्हणणारा त्याला परतीच्या वेळी, थकलेल्या अवस्थेत, त्याच उतारावर पाठवत असतो.

गैरसमज: मोबाइलनं दाखवला तोच सायकलचा रस्ता

नकाशाचं अॅप मोटारीचा लवकरात लवकरचा मार्ग शोधतं आणि म्हणून तुम्हाला मोठ्या रस्त्यावर ढकलतं. दुचाकीचा पर्याय निवडला तरी हिशेब मोटारसायकलचाच असतो. सायकलवाल्यानं काम उलट्या बाजूनं करावं: आधी गावं ठरवावीत, मग ती एकेक करून जोडावीत.

त्यासाठी साधनं आहेत. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ पासून स्वयंसेवकांनी घडवलेला नकाशा रस्त्यांचे दर्जे वेगळे दाखवतो, आणि ज्यांची माहिती कुणी भरली आहे त्यांचा पृष्ठभागही सांगतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आता ऑनलाइन मिळतात. त्यांवरच्या वीस-वीस मीटरच्या समोच्च रेषा पाहिल्या की घाट कुठे आहे आणि नदीकाठचा सपाट रस्ता कुठे, हे घरी बसून कळतं. सह्याद्रीच्या पूर्वेला नदीची खोरी धरून चाललेले रस्ते लांब आणि सुखाचे असतात. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर खिंड चढावी लागते. पौड सोडून कोळवणच्या खोऱ्यात शिरलात, की हाडशी, जवणवरून तिकोना पेठ आणि पवनानगर गाठता येतं. पुढे कामशेतला तर लोकलचं स्टेशन आहे.

प्रत्यक्ष रस्त्यावर मैलाचा दगड बघा. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य महामार्गाचा, नारिंगी डोक्याचा ग्रामीण रस्त्याचा. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याच्या तोंडाशी फलकही असतो. त्यावर रस्त्याचं नाव, लांबी आणि काम कधी पूर्ण झालं हे लिहिलेलं असतं. त्यानंतरची पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे असते, म्हणून ती तारीख वाचली की पुढे डांबर कसं असेल याचा बराच अंदाज येतो. तरीही खात्री हवी असेल तर टपरीवर विचारा, पण प्रश्न नीट विचारा. “रस्ता चांगला आहे का?” याला उत्तर नेहमीच “आहे की” असं येतं. त्याऐवजी विचारा: पुढच्या गावापर्यंत डांबरी आहे का? एसटी जाते का? ओढ्यावरचा पूल पाण्याखाली जातो का? खडी क्रशरचे डंपर या रस्त्यानं येतात का?

उरलेले गैरसमज, थोडक्यात

*नकाशावर रेघ आहे म्हणजे रस्ता पलीकडे निघतो.* नेहमीच नाही. पानशेतच्या पुढचा घोळचा रस्ता सह्याद्रीच्या कड्याशी थांबतो, खाली कोकण असतं. लष्करी हद्दीतून आणि धरणांच्या मागच्या खासगी जमिनींतून जाणाऱ्या रेघाही तुमच्यासाठी नसतात.

*अंतर कमी म्हणजे राइड सोपी.* चढाई बघा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, सिंहगड १३०० मीटरच्या वर. गडाचा घाट चढून येणं सपाटीवरच्या दुप्पट अंतराइतकं दमवू शकतं.

*लांब जायला महागडी, बारीक टायरची सायकल लागते.* गावच्या रस्त्यावर ३५ ते ४० मिलिमीटरचं टायर थोड्या कमी हवेवर चालवा. हादरे कमी बसतात, पकड वाढते, पंक्चर कमी होतात. स्पेअर ट्यूब, पंप आणि पंक्चर किट मात्र सोबत हवंच.

*लांब पल्ला म्हणजे शर्यत.* ब्रेव्हे या जगभरात मान्य असलेल्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडमध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, तेही चहा-जेवणासकट. म्हणजे ताशी पंधराच्याही किंचित खाली, आणि तिथे पहिला-दुसरा असा क्रमांक नसतो.

*संध्याकाळी हायवेनं पटकन परत यावं.* सर्वाधिक अपघात संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात होतात, हे मंत्रालयाच्या त्याच अहवालात आहे. फेरा असा आखा की दुपार कलायच्या आत शहर गाठाल, नाहीतर परतीचं रेल्वे स्टेशन आधीच हेरून ठेवा.

*चांगले रस्ते जुन्या जाणत्यांनाच ठाऊक असतात.* ते ठाऊक असतात कारण कुणीतरी आधी जाऊन आलेलं असतं आणि त्यानं ते सांगितलेलं असतं. पाबे घाटातलं डांबर कुठे उखडलंय, कुठला साकव पावसात बुडतो, कुठल्या वाडीत पाणी मिळतं, ही माहिती राइडनंतर ओपनस्ट्रीटमॅपवर भरायला दहा मिनिटं पुरतात. ती भरा. हे रस्ते सगळ्यांच्या पैशांनी बांधलेले आहेत, आणि तुम्ही भरलेल्या एका नोंदीमुळे एखादा नवखा सायकलवाला ट्रकांच्या रांगेतून बाहेर पडून आंबवण्याच्या शेतांमधून जाणार असेल, तर ती नोंद करणं तुमचं कामच आहे.